हजेरी

त्या संध्याकाळी लिफ्टमधून वर येताना मी सवयीने फोन काढला आणि घराचं अ‍ॅप बघितलं. हॉल: कोणी नाही. स्वयंपाकघर: कोणी नाही. आईची खोली: कोणी नाही, 22 मिनिटांपासून. आई खाली फिरायला गेली असेल असं मी धरून चालले. दार उघडलं, पर्स टाकली, चपला जागेवर सरकवल्या, तोंडावर पाणी मारलं आणि धुतलेला टॉवेल ठेवायला तिच्या खोलीत गेले. दारात पाऊल पडलं तसा दिवा लागला, आणि समोर खुर्चीत आई. खिडकीकडे तोंड, दोन्ही हात मांडीवर, चष्मा काढून हातात धरलेला. मी दचकलेच. "अगं, अशी अंधारात काय बसलीयेस?" तर म्हणाली, "मी कुठे अंधारात बसले? मी उजेडातच बसले होते. मग तो गेला." मी म्हटलं, "मग हात हलवायचा ना!" तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "दोनदा हलवला. तिसऱ्यांदा नाही हलवला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती उठली, टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवला. मी मात्र तिथेच उभी राहिले. फोन अजून माझ्या हातात होता, आणि त्यावर आईच्या खोलीसमोरचा करडा ठिपका नुकताच हिरवा झाला होता. ती 22 मिनिटं ती त्या खुर्चीत होती. श्वास घेत होती, कदाचित बाबांचा विचार करत होती, कदाचित कसलाच करत नव्हती. आणि माझ्या घराने मला सांगितलं होतं की तिथे कोणी नाही. मी त्यावर विश्वास ठेवला होता.

तो सेन्सर मीच बसवून घेतलेला. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, आणि पहिल्याच महिन्यात रात्री उठून भिंतीवर बटण चाचपडताना पलंगाच्या कोपऱ्याला तिचा गुडघा आपटला. हिरवंनिळं झालेलं ते गुडघ्याचं कातडं बघून मी ठरवलं की या बाईने यापुढे अंधारात पाऊल टाकायचं नाही. वायरमनने दोन तासांत काम संपवलं. छताच्या मधोमध अर्ध्या लिंबाएवढा पांढरा घुमट बसला, आणि पहिल्या रात्री पलंगाखाली पाय ठेवताच उजेड झाला तेव्हा आई लहान मुलीसारखी हसली. दोनतीनदा पाय वर घेतले, खाली ठेवले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आजही त्या रात्रीबद्दल बरंच वाटतं. ते पुसून टाकावं असं काही नाही.

पण तो घुमट काय बघतो, हे मी त्या संध्याकाळनंतर नीट समजून घेतलं. आत नखाएवढा एक संवेदक असतो आणि त्याचे दोन भाग असतात. माणसाच्या अंगातून सतत ऊब बाहेर पडते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांमधून. त्यांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रोमीटरच्या आसपास. घुमटाच्या प्लास्टिकवर बारीक भिंगं कोरलेली असतात, ती खोलीच्या पाकळ्या पाडतात. माणूस एका पाकळीतून दुसरीत गेला की संवेदकाच्या एका भागाला ऊब जास्त लागते, दुसऱ्याला कमी, आणि तेवढ्या फरकावरून त्याला कळतं की कोणीतरी आहे. दोन्ही भागांना सारखंच जाणवत राहिलं तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. म्हणजे त्याला माणूस दिसत नाही, बदल दिसतो. वाऱ्याने हलणारा गरम झालेला पडदा त्याला दिसू शकतो. स्वस्थ बसलेली बाई दिसत नाही. आणि ती दिसली नाही की किती वेळ थांबून दिवा घालवायचा, हा एक आकडा असतो. आमच्याकडे तो 10 मिनिटं होता. मी तो बदललाही नव्हता, बसवताना जो होता तोच राहिला.

मी हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे हजेरी घेतो तो. 'हजर' म्हटलं नाही तर गैरहजर."

आईने 31 वर्षं शाळेत शिकवलं. हजेरीपट, आडव्या रेघांचे ते लांबडे कागद आणि लाल-निळी शाई, हे माझ्या लहानपणाचं सामान. महिनाअखेरीला ती जमिनीवर बैठक मारून बेरजा करायची आणि मी शेजारी बसून शाईचा वास घ्यायची. त्यातल्याच एका मुलाची गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. त्याच्या तोंडून 'हजर' हा शब्द फुटायचाच नाही. अडखळायचा, ओठ हलायचे, तोवर पुढचा नंबर पुकारलेला असायचा. आधीच्या वर्षी त्याचे निम्मे दिवस गैरहजर लागले होते, रोज तिसऱ्या बाकावर बसून. "मग तू काय केलंस?" मी दर वेळी विचारायची, उत्तर पाठ असून. "काय करायचं? त्याचा नंबर आला की मान वर करून बघायची." इतकंच उत्तर. लहानपणी मला त्यात गोष्ट कुठे आहे तेच कळायचं नाही. मला वाटायचं, पुढे तो मुलगा मोठा वक्ता झाला वगैरे काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. तो पुढेही गप्पच राहिला, पण त्याच्या नावापुढे हजेरी लागायला लागली.

आता ही गोष्ट मला घराबाहेर पडलं की सगळीकडे दिसते.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नलवर हिरवा माणूस, शेजारी उलटे पळणारे आकडे. माझा हात तिच्या दंडाला, तिची पिशवी माझ्या खांद्यावर. पहिले चार आकडे तर पदपथाची पायरी उतरण्यातच जातात, कारण ती आधी एक पाय ठेवते, मग दुसरा त्याच्या शेजारी आणते, मग निघते. रस्त्याच्या मध्याच्या थोडं पुढे आलो की आकडा संपतो. कडेला थांबलेल्या गाड्यांचा आवाज बदलतो. तो फरक कानाला नाही, पोटात कळतो. आई वेग वाढवायला जाते आणि त्यात तिचा तोल जातो. "घाई करू नकोस," मी म्हणते, आणि मीच तिला ओढत असते. पलीकडे पोचल्यावर ती दर वेळी मागे वळून त्या रस्त्याकडे बघते. बोलत काही नाही.

हे आकडे ठरवतं कोण, हे मी शोधायला गेले. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, असं अनेक देशांत पिढ्यान् पिढ्या धरलं गेलं. इंग्लंडमध्ये पासष्टी ओलांडलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांची चाल तपासून 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला 0.9 मीटर निघाला, बायकांचा 0.8. ठरवलेला 1.2 चा वेग 84 टक्के पुरुषांना आणि 94 टक्के बायकांना गाठता येत नव्हता. हे वाचल्यावर मी घरातल्या पॅसेजमध्ये फरशा मोजून सहा मीटर आखले आणि आईला न सांगता तिची चाल मोजली. आठ सेकंद. सेकंदाला पाऊण मीटर. चौदा मीटर रुंदीचा रस्ता धरला तर सिग्नलच्या मनातला माणूस तो बारा सेकंदांत ओलांडतो, आईला जवळजवळ एकोणीस लागतात. सात सेकंद कमी पडतात. तिने मागे वळून बघणं हे त्या सात सेकंदांकडे बघणं आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. अमेरिकेच्या सिग्नल-नियमावलीने 2009 मध्ये हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. कागदावर अर्धा फूट. पण तो अर्धा फूट कमी करायला कोणीतरी मान वर करून बघितलं असणार.

आणि तसं बघणारे आहेत, म्हणून तर मी या सगळ्याकडे पाठ फिरवू शकत नाही. सिंगापूरमध्ये 2009 पासून काही सिग्नलांना ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड टेकवायची सोय आहे. कार्ड टेकवलं की हिरवा माणूस रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त थांबतो. आईचे सात सेकंद त्यात सहज बसतात. कोपनहेगनच्या नोरेब्रोगाडे या रस्त्यावरचे सिग्नल सकाळच्या गर्दीत ताशी 20 किलोमीटरच्या बेताने जुळवलेले आहेत, म्हणजे सायकलवाल्याच्या चालीने. त्या वेगाने निघालेल्या सायकलला एकापाठोपाठ एक हिरवा दिवा मिळत जातो. आकडा तिथेही आहे, फक्त तो गाडीवाल्याचा नाही. माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र ब्रिटनमधली. तिथे रस्ता ओलांडायच्या बटणाची जी पेटी असते, तिच्या पोटाखाली कित्येक ठिकाणी बोटाच्या पेराएवढा एक खाचांचा शंकू असतो. वरून बघणाऱ्याला तो दिसतही नाही. हिरवा दिवा लागला की तो गोल फिरू लागतो. ज्याला दिसत नाही, किंवा दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याने पेटीखाली बोटं धरून ठेवायची. शंकू फिरला की निघायचं. कसलाही आवाज नाही, पडदा नाही. मी हे वाचलं तेव्हा नकळत माझी बोटं टेबलाच्या कडेखाली गेली.

मला स्वतःला रस्त्याने गैरहजर धरलं ते मी कॉलेजात असताना. पहाटेच्या तासाला सायकलवर जायचे. एका चौकात दिवा लालच राहायचा. रस्ता सुनसान, धुकं, हँडलवर गारठलेले हात, आणि मी एकटी उभी. गाडी आली की दोन मिनिटांत हिरवा. मी असले की नाहीच. एकदा मागून एक म्हातारे सायकलवाले काका आले आणि म्हणाले, "बाळ, मधे उभी राहू नकोस, त्या रेघेवर चाक ठेव." डांबरात एक चौकोन कापून बुजवलेला होता, काळ्या रेघांचा, मी तो रोज बघत होते आणि दुरुस्तीची खूण समजत होते. त्याखाली तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळत असते, वर धातू आला की वेटोळ्याचं विद्युतगुण बदलतं आणि सिग्नलला कळतं की वाहन आलं. वजनाचा त्यात काही संबंध नाही. मोठ्या गाडीचा पत्रा कुठेही उभा राहिला तरी कळतो. सायकलीचा धातू थोडका, तो नेमका तारेच्या वर आला तरच कळण्याची शक्यता. मी चाक रेघेवर ठेवलं. दिवा हिरवा झाला. काकांनी मान डोलावली आणि ते पुढे निघून गेले. पुढे तीन वर्षं मी रोज त्या रेघेवर उभी राहिले. ही माझी पहिली हात हलवायची शिकवणी होती, हे आता कळतं.

हात हलवून भागतं तोवर ठीक. 18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टेंपी शहरात चालकाविना चालण्याची चाचणी घेत असलेल्या गाडीने एका बाईला उडवलं. ती सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती, झेब्रा पट्ट्यांवरून नव्हे, मधूनच. गाडीत चाकामागे देखरेखीला माणूस होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर केलेला तपास मी एका रात्री वाचत बसले आणि मग झोप लागली नाही. धडकेच्या 5.6 सेकंद आधीच गाडीच्या यंत्रणेने तिला हेरलं होतं. पण काय म्हणून? आधी वाहन, मग काहीतरी वस्तू, मग सायकल, पुन्हा काहीतरी वस्तू. दर वेळी नाव बदललं की आधीची नोंद बाजूला, त्यामुळे ती कोणत्या दिशेने चालली आहे याचा अंदाजच बांधता आला नाही. पट्ट्यांच्या बाहेरून रस्ता ओलांडणारा पायी माणूस असू शकतो, याचा विचारच त्या रचनेत केलेला नव्हता. यंत्राचे डोळे शाबूत होते. तिच्यासाठी हजेरीपटावर रकाना नव्हता. मी दिवा मालवला तेव्हा पलीकडच्या खोलीत आईच्या दिव्याचा उजेड दाराच्या फटीतून आला. ती पाणी प्यायला उठली असणार. थोड्या वेळाने तो आपोआप गेला.

याच्या अगदी उलटंही घडतं. बर्लिनच्या रस्त्यांवरून एक छोटी हातगाडी ओढत नेल्याचा व्हिडिओ 2020 मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या जर्मन कलाकाराने प्रसिद्ध केला. गाडीत 99 जुने स्मार्टफोन, सगळ्यांवर गुगल मॅप्स चालू. रस्ता मोकळा होता. नकाशावर मात्र तो लाल झाला, जणू तिथे गाड्या खोळंबल्यात. एक माणूस सावकाश चालतोय, आणि नकाशाला तिथे वाहनांची रांग दिसते. मी तो व्हिडिओ आईला दाखवला. तिने दोनदा बघितला. मग म्हणाली, "फोन नसता तर तो दिसलाच नसता ना?" मला यावर काही सुचलं नाही. रोज सकाळी ऑफिसला निघताना मी ज्या नकाशावर भरवसा ठेवते, त्यातल्या हिरव्या-लाल रेघा म्हणजे माझ्यासारख्याच लोकांच्या खिशातले फोन आहेत हे मला ठाऊक होतं. पण आई ज्या रस्त्याने पिशवी घेऊन जाते, त्यावर ती कुठल्याच रंगात नाही, हे मात्र तिने विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एवढं सगळं लिहूनही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी स्वतः या हजेरीची मिंधी आहे. सकाळी सहाच्या सुमाराला आईच्या बाथरूमचा दिवा लागतो आणि माझा फोन अगदी बारीक थरथरतो. मी जागी नसले तरी झोपेत कुठेतरी ते नोंदवते. आई उठली. मग कूस बदलते. बाबा गेले ते झोपेतच, आणि ते सकाळी आठपर्यंत कोणाला कळलं नव्हतं, म्हणून त्या थरथरीचं मोल काय आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये पाणी गरम करण्याचं एक भांडं आणलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने त्यातून कधी पाणी घेतलं, याचा निरोप दूर राहणाऱ्या मुलांना जावा अशी त्याची रचना. कॅमेरा नाही, काही नाही. आज आईने गरम पाणी घेतलं, एवढंच. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. काळजीला यापेक्षा कमी जागा व्यापणारं रूप मी बघितलेलं नाही.

पण मागच्या हिवाळ्यात मी कामासाठी परगावी होते. हॉटेलच्या खोलीत साडेसहा वाजले, सात वाजले, फोन थरथरला नाही. साडेसातला मी आईला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग शेजारच्या काकूंना लावला. त्या चार मिनिटांत मी पलंगाच्या कडेला बसून हॉटेलच्या गालिच्यावरची नक्षी मोजत होते, आणि माझ्या पायांतली शक्ती गेली होती. काकूंनी बेल वाजवली, आईने दार उघडलं. ती केव्हाची उठून बाल्कनीत बसली होती. उजाडल्यावर बाथरूममध्ये पुरेसा प्रकाश होता, म्हणून तिने तिथल्या दिव्याचं भिंतीवरचं मुख्य बटणच बंद करून टाकलं होतं. "उगाच कशाला जळत ठेवायचा," ती म्हणाली. मी फोनवर तिच्यावर ओरडले. खूप ओरडले. आणि तिने सगळं ऐकून घेऊन शांतपणे विचारलं, "म्हणजे मी दिवा लावला की तुला कळतं?" मी हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. दीड वर्ष.

त्यानंतर आठवडाभर बाथरूमचा दिवा पहाटे ठीक सहाला लागत होता. अगदी ठीक सहाला. रविवारीही. ती माझ्यासाठी लावत होती, हे मला कळत होतं आणि ते बंद कर असं तिला सांगायचं धाडस मला होत नव्हतं.

दादाला खुर्चीची गोष्ट सांगितली तेव्हा तो लगेच म्हणाला, "तुझा सेन्सर जुना झाला. आता रडारवाले मिळतात." त्याचं खरं होतं. हे नवे संवेदक काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतात आणि परत येणारी लहर तपासतात. माणूस कितीही स्वस्थ बसला तरी श्वासागणिक त्याची छाती काही मिलिमीटर वरखाली होते, आणि तेवढं त्यांना पुरतं. श्वास चालू आहे तोवर दिवा चालू. मी त्याच रात्री मागवायला घेतला. पत्ता भरला, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी का कोण जाणे, उठून आईला विचारायला गेले. तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी श्वास घेते ते तो मोजणार?" "मोजणार म्हणजे... त्याला कळणार." "आणि तुलाही कळणार?" मी म्हटलं, हवं तर कळेल, नको तर नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांचा शेवटी मशीनवर मोजत होते ना, दवाखान्यात, आधीच्या वर्षी. हिरवी रेघ. ते घरी आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाले आठवतं? इथे ती रेघ नाही, बरं वाटतं."

मला आठवत नव्हतं. मी तेव्हा बहुतेक औषधांचा कागद वाचत होते.

टोरांटोच्या सरोवरकाठी सेन्सरांनी विणलेली एक वस्ती उभारायची योजना 2017 मध्ये जाहीर झाली होती, सायडवॉक लॅब्ज या गुगलच्या भावंड-कंपनीची. तिथल्या लोकांनी सुमारे अडीच वर्षं एक प्रश्न लावून धरला: आम्ही चाललो, बसलो, थांबलो याची नोंद कोणाच्या मालकीची? मे 2020 मध्ये कंपनीने महामारीतल्या आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन ती योजना सोडून दिली. त्या बातम्या वाचताना मला ते लोक फार ताणतायत असं वाटलं होतं. दिवे वेळेवर लागले, कचरा वेळेवर उचलला, तर नोंद राहिली तर राहिली. आईने खुर्चीत बसून तोच प्रश्न दोन वाक्यांत विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिसलो नाही तर अंधार, आणि पुरतं दिसलो तर हिरवी रेघ. या दोहोंच्या मध्ये बसायला तिला एक खुर्ची हवी होती.

मी रडार मागवला नाही. वायरमनला परत बोलावलं. त्याला वाटलं काहीतरी बिघडलंय. रात्रीपुरता पलंगाखाली एक मंद दिवा ठेवला, पाय खाली आले की लागणारा, कारण तो गुडघा मी विसरलेले नाही. छतावरचा घुमट काढला. तिथे उरलेल्या भोकावर पांढरं झाकण बसवलं. आणि आईच्या खुर्चीच्या हातापाशी, बसल्या बसल्या बोटं पोचतील अशा बेताने, भिंतीवर एक साधं बटण. जुन्या तऱ्हेचं, दाबलं की टक असा आवाज येणारं. आईने ते तीनचार वेळा चालूबंद करून बघितलं. "आवाज चांगला आहे," म्हणाली. बाथरूमच्या दिव्याची सूचना मी फोनमधून काढून टाकली. पहिले काही दिवस सहाला जाग यायची आणि मी थरथरीची वाट बघत पडून राहायची. मग उठायची, तिच्या दारापाशी जायची, आणि पॅसेजमधल्या अंधारात कान देऊन उभी राहायची. भांड्याचा, नळाचा, खोकल्याचा, कसलातरी आवाज यायचा.

काल संध्याकाळी लवकर आले. अ‍ॅपमध्ये आता तिच्या खोलीचं नाव नाही, त्यामुळे ती घरात आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. दारातून डोकावले. दिवा चालू होता, आई खुर्चीत बसली होती, खिडकीकडे तोंड करून, अगदी स्वस्थ. मी आल्याचं तिला कळलं नव्हतं. मी हाक मारणार तेवढ्यात तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, खांद्याच्या उंचीपर्यंत आला, आणि छतावरच्या त्या पांढऱ्या झाकणाकडे बघत तिने तो दोनदा हलवला. मग तिला आठवलं असावं. हात तसाच हवेत थांबला, हळूच भिंतीकडे वळला, आणि बोटांनी बटण नुसतं चाचपून बघितलं, दाबलं नाही.

मी आत जाऊन तिच्या शेजारी पलंगाच्या कडेला बसले.

"कधी आलीस?" तिने विचारलं.

"आत्ताच."